थ्रू प्रॉपर चॅनल

मयूर विहार, फेज एक, दिल्ली
रविवार, ७ जून १९९८

तीर्थरूप अण्णासाहेब मामांच्या चरणी सुनयनाचा शिरसाष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता लेबर कोर्टाचा जिना चढू देतो की अजून अशिलांनाच खाली चहाच्या टपरीवर बोलावता, ते कळवा. सुमित्रामामींची शुगर आटोक्यात आहे असं तुम्ही लिहिलंत, पण त्याच पत्राच्या कोपऱ्यावर आमरसाचा डाग होता, त्यामुळे माझा विश्वास बसलेला नाही. (डाग तुमचा असेल तर मामींची क्षमा मागते.) आणखी एक विचारायचं आहे. तुम्ही पाकिटाला डिंक दोनदा लावता का? कारण मागच्या पाकिटाची कड दोनदा चिकटवल्यासारखी दिसत होती, आणि ते पत्र मी मूर्खासारखं ऑफिसच्या पत्त्यावर मागवलं होतं. यापुढे घरीच पाठवा.

इकडे आम्ही सगळे ठीक. कूलर गरम वारा फेकतो, वीज दुपारी दोनला जाते ती मनाला येईल तेव्हा परतते. तुमचा जावई कौस्तुभ त्याच्या मंत्रालयात सुखरूप आहे, तिथे कोणी कोणाला काढत नाही. तुमच्या पत्रात 'आकसाने' असा शब्द होता, तो वाचून स्वरूपाने आकस म्हणजे काय ते विचारलं. नऊ वर्षांची झाली तरी मराठी अशी कच्चीच. मी समजावून सांगितलं, तर म्हणाली, "अच्छा, म्हणजे मम्मीच्या ऑफिसमध्ये जे चाललंय ते." घरात तेव्हापासून हा शब्द फार वापरला जातो. भाजीत मीठ जास्त पडलं तरी आकस.

आता मूळ गोष्ट पहिल्यापासून सांगते, कारण मागच्या वेळी घाईत अर्धंमुर्धं लिहिलं होतं. फोन केला असता, पण घरचा फोन सासऱ्यांच्या खोलीत आहे आणि कोपऱ्यावरचा एसटीडी बूथवाला माझं बोलणं ऐकताना मीटरकडे बघायचंही विसरतो. तर, मी गुडगावच्या या कंपनीत सात वर्षं आहे हे तुम्हाला माहीत आहेच. गाड्यांचे आरसे करून परदेशी पाठवतात, मागून कोण येतंय ते दाखवणारे. त्या आरशांबरोबर जे कागद जातात ते मी करते. सात वर्षांत माझ्या हाताखाली तीन मुलगे शिकून तयार झाले. इन्व्हॉइस कुठल्या बाजूने वाचायचं इथपासून शिकवलं, आणि तिघेही एकामागून एक असिस्टंट मॅनेजर होऊन माझ्या डोक्यावर बसले. तिसरा मनचंदा. त्याला मी कार्बन पेपरची कुठली बाजू खाली ठेवायची तेसुद्धा शिकवलं आहे.

आमचे साहेब भसीन म्हणून आहेत. माणूस वाईट आहे असं मी म्हणणार नाही (म्हणायचं असेल तर पुढच्या पानावर म्हणेन). त्यांना विचारलं, माझं नाव का नाही, तर म्हणाले, "सुनयनाजी, मॅनेजर को तुघलकाबाद डिपो जाना पड़ता है, कंटेनर खुलवाना पड़ता है. वहाँ लेडीज़ का क्या काम? आप तो फॅमिलीवाली हैं." म्हणजे परदेशी जाणारा माल जिथे तपासतात त्या डिपोत गेल्याशिवाय बढती नाही आणि बाई म्हणून डिपोत पाठवायचं नाही. तेव्हा मी तुम्हाला पहिलं पत्र टाकलं. तुमचं उत्तर माझ्याकडे जपून ठेवलेलं आहे: समान वेतनाचा कायदा बढतीलाही लागतो, तक्रार करावी, आणि तक्रार केली म्हणून मालकाने आकसाने छळ करणं हीसुद्धा कायद्याने वाईट वागणूकच ठरते. पण कोर्ट भावना बघत नाही, तारीख बघतं, म्हणून वही घाल. आधी काय होतं, नंतर काय झालं, साक्षीदार कोण, हे रोजच्या रोज लिही. मामा, त्या वहीने जे काही केलं त्याची जबाबदारी थोडी तुमच्याकडेही जाते.

तक्रारीचा मसुदा सासऱ्यांनी केला. काकासाहेब सदतीस वर्षं एकाच मंत्रालयात होते आणि त्यांना लिहायला काही दिलं की ते न्हाऊन, शर्ट घालून बसतात. चार पानं झाली. पहिल्या पानावर कंपनीने दिलेल्या संधीबद्दल आभार, दुसऱ्यावर माझ्या सेवेचा तपशील, आणि भेदभाव शेवटी तिसऱ्या पानावर मधोमध सुरू झाला. वर ठळक अक्षरांत 'थ्रू प्रॉपर चॅनल'. मी म्हटलं, काका, तक्रार भसीनांविरुद्ध आहे, ती भसीनांमार्फत कशी पाठवायची? तर ते इतके दुखावले की दुपारचं ताक घेतलं नाही. सरकारात अर्ज वरिष्ठांमार्फतच जातो, मग तो वरिष्ठांच्या नावाने शंख करणारा का असेना; आणि मधल्या माणसाला वगळून वर गेलीस तर तीच तुझी पहिली चूक ठरेल, असं त्यांचं म्हणणं. शेवटी चौथ्या पानाच्या तळाला त्यांनी 'शिफारशीसह पुढे रवाना' असं इंग्रजीत टाइप करून सहीसाठी रेघही आखली. कौस्तुभ म्हणाला, करू दे, त्यांचा बीपी बघ.

सोमवारी, १६ मार्चला, मी ती तक्रार चारच्या फोल्डरमध्ये घातली. हे फोल्डर म्हणजे काय ते सांगते. रोज चार वाजता साहेबांपुढे सह्यांसाठी चाळीसेक कागद जातात. साहेब फोनवर बोलत बोलत सही करतात आणि सहीखाली तारीख टाकतात. मी आत थांबले नाही. साडेचारला फोल्डर परत आलं. तक्रारीवर रेघेवर बरोबर सही, तारीख, वर रबरी शिक्का.

मामा, मला घाम फुटला. स्वतःविरुद्धच्या तक्रारीची माणूस शिफारस करतो, तेही शिक्का मारून, म्हणजे याच्या मनात केवढा मोठा डाव असेल. मी तक्रार तिसऱ्या मजल्यावर एचआरच्या मिसेस दुग्गल यांच्याकडे दिली, काकासाहेबांच्या सांगण्याप्रमाणे पोच घेतली, आणि खाली येऊन वही उघडली. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. साक्षीदार म्हणून शेजारच्या टेबलावरची अर्पिता तयार झाली. गाझियाबादहून येते, चोवीस वर्षांची, मागच्याच हिवाळ्यात लग्न झालेली, आणि आमच्या खात्यात माझ्यासाठी सही करणारी ती एकटी. बाकीच्यांना विचारलं तर प्रत्येकाला नेमका त्याच वेळी फोन यायचा.

आणि मग छळ सुरू झाला. निदान मला तसं वाटलं. तिसऱ्या दिवशी माझी जुनी खुर्ची नाहीशी झाली आणि जागी नवी, गोल फिरणारी खुर्ची आली. मी लिहिलं: खुर्ची बदलली, कारण सांगितलं नाही, फिरते, स्थैर्य नाही. मग माझं टेबल खिडकीपाशी हलवलं. लिहिलं: सहकाऱ्यांपासून तोडलं. कंपनीची व्हॅन मला चौथ्या नंबरवर घ्यायची, ती एकाएकी पहिल्या नंबरवर घेऊ लागली, म्हणजे मला पस्तीस मिनिटं आधी उठणं आलं. ड्रायव्हर रामफलला विचारलं तर तो बाहेर बघत म्हणाला, "मॅडमजी, सब ने बोला है, पहले आपको बिठाओ, सीट आप पसंद करो." हे 'सब' कोण, त्यांची नावं काय, ते त्याने सांगितलं नाही. तेही लिहिलं. मी जेवायला बसले की टेबलावरच्या बायका एकदम गप्प होत, आणि मग त्यांतली एक मोठ्याने म्हणे की आज आपण वेळेवर जेवायला बसलो. हा बहिष्कार नाही तर काय?

सगळ्यात वाईट भसीन. हा माणूस सात वर्षं मला टेबलावरून पेन उचलून देत नव्हता, तो एके दिवशी स्वतः चहाचा कप घेऊन माझ्या टेबलाशी आला. ठेवला, वहीकडे बघितलं, मान हलवली, आणि "बिल्कुल, बिल्कुल, लिखते रहिए," असं म्हणून गेला. मी घड्याळ बघितलं आणि नोंद केली: चहा, वेळ ११.२०, साहेबांच्या हस्ते, साखर जास्त, हेतू अज्ञात. चहा मी प्यायले नाही. अर्पिता प्यायली आणि तिला काही झालं नाही, हेही खाली लिहिलं.

पण मामा, एक नोंद वेगळी होती. सोमवार, ४ मे. भसीनांनी सांगितलं की यापुढे माझी सगळी पत्रं मनचंदाच्या सहीने जातील. सात वर्षं परदेशातली गिऱ्हाइकं मला नावानिशी ओळखतात. हॅम्बुर्गची एक बाई दर नाताळला कार्ड पाठवते. त्या दिवसापासून लिहायचं मी आणि खाली नाव त्याचं. तो बिचारा सही करताना विचारत होता, "मॅडम, इधर करूँ ना?" मला फार लागलं ते. बाथरूममध्ये जाऊन रडले, परत येऊन तेही लिहिलं, आणि खाली सही करताना अर्पितासुद्धा रडली. खुर्ची, चहा, व्हॅन या सगळ्यांत मला संशय होता, पण या नोंदीत संशयाचं काही नव्हतं. मी उघड्या डोळ्यांनी मागे ढकलली जात होते.

बावीस मेला, शुक्रवारी, मिसेस दुग्गलनी मला आणि भसीनांना बोलावलं. दोन महिने का लागले, तर कंपनी त्या दिवसांत आयएसओचं प्रमाणपत्र मिळवत होती. परदेशी गिऱ्हाइकं आता त्याशिवाय मालाला हात लावत नाहीत. 'जे करता ते लिहा, जे लिहिता ते करा' असे फलक थेट स्वच्छतागृहापर्यंत लागलेले आहेत. भसीन आले ते नवा टाय लावून, हसत. खुर्चीत बसायच्या आधीच मिसेस दुग्गलना म्हणाले की सुनयनाजींचा सत्कार व्हायलाच हवा, आमच्या खात्यात आयएसओ कोणी मनावर घेतलं असेल तर यांनी, प्रत्येक गोष्ट तारीखवार लिहितात, मी स्वतः यांना नवी खुर्ची दिली, खिडकीजवळ जागा दिली.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सगळ्या ऑफिसला माझी वही आयएसओची वाटत होती. म्हणून बायका जेवताना गप्प, म्हणून व्हॅनमध्ये पहिली सीट, म्हणून चहा. दोन महिने मी ज्यांच्यावर पाळत ठेवली होती, त्यांना वाटत होतं मी कंपनीच्या वतीने पाळत ठेवली आहे.  मिसेस दुग्गलनी चार पानं भसीनांपुढे सरकवली. भसीनांनी सवयीने पहिल्यांदा उजवा खालचा कोपरा बघितला, आपली सही ओळखली आणि समाधानाने मान डोलावली. मग मिसेस दुग्गल म्हणाल्या, "तीसरा पन्ना पढ़िए." मामा, सात वर्षांत त्या माणसाला कागदाचा वरचा भाग वाचताना मी पहिल्यांदा बघितलं.

मग माझी वही मागितली. मी एकेक नोंद वाचायला लागले आणि वाचता वाचता माझाच आवाज बारीक व्हायला लागला. खुर्ची, खिडकी, पहिली सीट, चहा. आपला असा छळ कधी होईल, असा चेहरा करून मिसेस दुग्गल ऐकत होत्या. मी ४ मेपर्यंत आले तेव्हा त्यांनी हात वर केला आणि ती नोंद पुन्हा वाचायला सांगितली. भसीनांना विचारलं, हे का केलं? ते म्हणाले, बाहेरच्या पत्रांवर मॅनेजरचंच नाव बरं दिसतं, यात तक्रारीचा काय संबंध, मला तक्रार माहीतच नव्हती. त्या शांतपणे म्हणाल्या की माहीत नव्हती तर १६ मार्चची ही सही कोणाची? न वाचता सही केली असं म्हणावं तर आयएसओवाले पुढच्याच आठवड्यात तपासणीला येणार होते, आणि या साहेबांनी वर्षभर सही केलेले काही हजार कागद खालच्या कपाटात होते. वाचून केली म्हणावं तर तक्रार ठाऊक असताना माझं काम काढून घेतलं, म्हणजे तुम्ही लिहिलेला आकस. भसीनांनी नवा टाय सैल केला. म्हणाले, "पढ़ा था." आयएसओची भीती जास्त असावी.

घरी येऊन काकासाहेबांना सांगितलं. ते आत जाऊन शर्ट घालून आले आणि म्हणाले, पुन्हा पहिल्यापासून सांग. त्यांच्या प्रॉपर चॅनलला मी नावं ठेवली होती, ती सगळी मी परत घेतली. त्यांच्या रेघेवरची ती सही नसती तर मला कोणी विचारलं नसतं.

एक जूनपासून मला असिस्टंट मॅनेजर केलं आहे. पत्रांवर पुन्हा माझं नाव. हाताखाली सहा माणसं, अर्पिता धरून. आता तुम्ही म्हणाल, मग हे लांबलचक पत्र कशाला? मामा, मला झोप नाही ती इथेच. तुमचंच पहिलं पत्र परत वाचलं. त्यात तुम्ही लिहिलंय की छळाविरुद्धचं ते संरक्षण कायद्याच्या लेखी जो कामगार आहे त्याला. मॅनेजर लोकांना त्यात धरत नाहीत. म्हणजे रविवारपर्यंत मी संरक्षित होते आणि सोमवारी उठून मॅनेजर झाले. बढतीच्या पत्रावर भसीनांची सही आहे आणि ती त्यांनी म्हणे पूर्ण वाचून केली. मला यात काहीतरी शिजतंय असं वाटतं. माझं नाव मॅनेजर आणि काम कारकुनाचंच राहिलं तर मी कोण ठरते, ते नीट उलगडून लिहा. वहीत ही बढती मी नोंद क्रमांक ४१ म्हणून लिहून ठेवली आहे, हेतू अज्ञात.

मामींना नमस्कार. स्वरूपाचा तुम्हाला गोड पापा, तो आकसाने नाही असं तिने लिहायला सांगितलं आहे.

तुमची,
सुनयना

ता. क. काकासाहेबांनी कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी मागवली आहे. येणाऱ्या कोणाबरोबर तरी द्या, पण पार्सल मात्र योग्य मार्गानेच यावं, असं ते म्हणतात.

ता. क. २. खरं काम इथे लिहिते, कारण वर लिहायची हिंमत झाली नाही. बुधवारी डिपोत कंटेनर उघडायचा होता. अर्पिता म्हणाली, मी जाते. मी म्हटलं, इतक्या उन्हात कुठे जातेस, नवं लग्न आहे, घरचे काय म्हणतील; आणि चोप्राला पाठवलं. मामा, शपथेवर सांगते, मायेने म्हटलं होतं. शुक्रवारी चारच्या फोल्डरमध्ये, जे आता माझ्यापुढे येतं, चार पानं निघाली. पहिल्या पानावर आभार होते आणि वर 'थ्रू प्रॉपर चॅनल'. (काकासाहेबांचा मसुदा तिला मीच हौसेने दिला होता.) तिसऱ्या पानावर माझं नाव होतं आणि माझं वाक्य जसंच्या तसं, तारखेसह. ते वाचून मला लाज वाटली. भसीनांनीही कदाचित मायेनेच म्हटलं असेल, हे मला आधी कधी सुचलं नव्हतं, आणि त्याने माझी सात वर्षं काही परत येत नाहीत. मी चारही पानं वाचली आणि रेघेवर सही केली. तर काम असं: माझ्यासाठी जे पत्र लिहिलंत, वही कशी घालायची, तारीख कशी टाकायची, कोणी सूड उगवला तर काय करायचं, ते सगळं अर्पितालाही लिहून पाठवा. तिचा गाझियाबादचा पत्ता सोबतच्या चिठ्ठीवर आहे. माझ्यामार्फत पाठवू नका; मी आता समोरच्या बाजूची आहे, आणि तिने माझ्यावर भरवसा ठेवावा असं मला वाटत असलं तरी तिने ठेवू नये.

ता. क. ३. शुक्रवारी सही झाल्यावर मी स्वतः चहा घेऊन तिच्या टेबलाशी गेले. तिने कप बाजूला सरकवला, घड्याळ बघितलं आणि निळ्या पुठ्ठ्याची वही उघडली.